कुसला जेतेपद 'भेट' मिळालं?

२०२३ च्या व्हुएल्टात (स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत) जम्बो-व्हिस्मा संघाने आपल्या सहाय्यक सायकलपटूला, सेप कुसला, जेतेपद भेट दिलं, असं कुणीतरी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. सहाव्या टप्प्यात हावालांब्रेच्या चढावर आघाडीच्या गटातून सुटून तो स्वतःच्या पायांवर जिंकला होता. उलट सतराव्या टप्प्यात, अंग्लिरूच्या चढावर, त्याचे दोघे साथीदारच त्याला मागे टाकून गेले! रॉगलिच पहिला, विंगेगार्ड दुसरा. कुस दुसऱ्या संघाच्या मिकेल लांडाच्या चाकाला चिकटून वर आला, शेवटी त्याला गाठून तिसरा झाला आणि बोनस सेकंद (एकूण वेळेतून वजा होणारे) मिळवले. लाल जर्सी, म्हणजे एकूण आघाडी, वाचली ती ८ सेकंदांनी. त्यानंतर कुठे संघाने साथीदारांना आवरलं.

त्याच वर्षी रॉगलिचने जिंकलेला जिरो (इटली) आणि विंगेगार्डने जिंकलेला टूर (फ्रान्स), दोन्हीकडे चढावर गती लावायला कुस होताच. एका मोसमात तिन्ही ग्रँड टूर (जिरो, टूर आणि व्हुएल्टा) जिंकणारा हा पहिलाच संघ.

एकदिवसीय शर्यतींचं मात्र वेगळंच. बेल्जियमच्या गेंट-वेवेलगेमला याच संघाच्या व्हॅन आर्टने साथीदार लापोर्तला पुढे जाऊ दिलं (खरी भेट म्हणायची तर ही!), पण पाच मोन्युमेंट्सपैकी (सर्वांत मानाच्या एकदिवसीय शर्यती) एकही हाती लागलं नाही. त्यातल्याच पॅरिस-रूबेला ऐन मोक्याला, कारफूर द लार्ब्रच्या दगडी पट्ट्यावर, व्हॅन आर्टचा टायर बसला आणि प्रतिस्पर्धी व्हॅन डर पूल निघून गेला.