तांबडा-पिवळा-निळा हे 'मूळ रंग' पोरांना अजून शिकवावेत का?

छापखानेवाला, महाल
लेकीनं सहावीच्या चित्रकलेच्या वहीत लिहून आणलं: 'तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग, ते कशातूनच बनत नाहीत.' मी ऑफसेट मशीनवर काम करतो. चार रंगी छपाईत तांबडी शाई नसतेच. राणी (म्हणजे मॅजेंटा) वर पिवळी चढली की लाल उमटतो, राणी आणि सायन (हिरवट आकाशी) मिळून निळा. जे 'बनत नाहीत' ते दोन्ही मी रोज बनवतो. तिला भिंगातून संत्र्याच्या पेटीचं लेबल दाखवलं. "बाबा, यात नारंगी कुठंच नाही, पिवळे आणि राणी ठिपकेच आहेत!" माझं मत ठाम आहे, ते वाक्य वहीतून जावं.

चितारओळीतून
नाही पटलं भाऊ. हात म्हणजे मशीन नव्हे. गणपतीचं सोवळं रंगवताना राणी-पिवळा घोटून लाल केला तर दर वाटीला छटा बदलते, म्हणून लाल डब्यातलाच लागतो. आणि पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो, हे पोराला पहिल्याच दिवशी दिसते. यात खोटं काय?

छापखानेवाला, महाल
डबा खुशाल घ्या, पण निळा कोणता? पिवळ्यात कपड्याची नीळ घाला, मळका शेवाळी होईल. सायन घाला, पोपटी होईल. रंग प्रकाश खातो. पिवळा निळा प्रकाश खातो, सायन लाल खातो, उरतो हिरवा. नीळ लालसोबत हिरवाही बराच खाते, म्हणून मळते.

फिजिक्सवाली, धरमपेठ
तुम्ही दोघंही मूळ रंग डब्यात शोधून राहिले, ते आपल्या डोळ्यात आहेत. डोळ्याच्या आतल्या पडद्यात तीन तऱ्हेच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी), म्हणून आकडा तीन. मोबाइलवर पिवळं चित्र लावा, पाण्याचा बारीक थेंब टाका, आत लाल-हिरवे ठिपके दिसतील. पिवळा तिथं नाहीच, तो डोळ्यानं जुळवला. मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं 1861 मध्ये लंडनला लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून (फिल्टरमधून) काढलेली तीन छायाचित्रं एकावर एक पाडून एका रिबिनीचं रंगीत चित्र दाखवलं होतं. आणि सायन-राणी-पिवळा तरी 'मूळ' कसले? कोणत्याही तिघांतून सगळे रंग निघत नाहीत, म्हणून तर तुमच्या मशीनला चौथी काळी शाई लागते. तिन्ही मिळून काळ्याऐवजी मातकट तपकिरी येतो.

चितारओळीतून
थेंब टाकून पाहिला ताई, खरं आहे. पण पोराच्या हातात ब्रश आहे. लाल-हिरवा मिसळून पिवळा होतो म्हटलं अन् वाटीत तपकिरी झाला, तर ते कोणावर विश्वास ठेवेल?

फिजिक्सवाली, धरमपेठ
म्हणूनच दोन्ही एकाच तासाला दाखवावं. एका टॉर्चवर लाल, दुसऱ्यावर हिरवा जिलेटिन कागद, दोन्हींचा उजेड एकावर एक, शेजारी वाटीत तेच रंग. टॉर्चचे रंग भर घालतात, वाटीतले वजा करतात.

छापखानेवाला, महाल
भर आणि वजाचं मान्य. पण वहीतलं 'कशातूनच बनत नाहीत' मी खोडायला लावणारच. लेक शनिवारी शाईचे तीन थेंब घेऊन वर्गात चालली आहे, लाल तिथंच करून दाखवणार.

चितारओळीतून
जांभळाही करायला सांगा. लाल-निळ्यातून माझ्याकडे तो कायम मळकाच निघतो, तुमच्या राणीतून उजळ निघाला तर मी मानतो.