क्षयरुग्णाचे वजन आणि घरातील सर्वांचे पोषण: झारखंडच्या अभ्यासातून उपकेंद्राने नेमके काय घ्यावे?

सातपुडा_उपकेंद्र (प्रश्न)

नमस्कार. मी एका आदिवासीबहुल तालुक्यातील उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्ण व त्यांच्या घरातील व्यक्तींना शिधा देऊन केलेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे दोन्ही शोधनिबंध (ऑगस्ट २०२३, ‘लॅन्सेट’ व ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’) मी गेल्या महिन्यात सावकाश वाचले आणि नंतर माझ्या नोंदवहीतील क्षयरुग्णांची पाने पुन्हा काढून पाहिली. कोणी किती दिवस गोळ्या घेतल्या याची नोंद प्रत्येकाची पूर्ण आहे. वजनाच्या रकान्यात मात्र बहुतेकांचा पहिलाच आकडा आहे आणि पुढची जागा कोरी आहे. ही उणीव माझी आहे व ती मला भरून काढायची आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

माझ्या समजुतीप्रमाणे एका निबंधात २,८०० रुग्णांचा पाठपुरावा आहे. त्यातील जवळपास निम्म्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) उपचार सुरू होताना १६ पेक्षा कमी होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. दुसऱ्या निबंधात रुग्णांच्या घरातील १०,३४५ व्यक्ती आहेत. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि प्रयोगशाळेत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी होते.

माझी अडचण अशी आहे. “वजन वाढले तर जीव वाचेल” असे मी रुग्णाच्या घरच्यांना सांगू शकते का, की हे विधान अभ्यासाने सिद्ध केलेल्या गोष्टीच्या पुढे जाणारे ठरेल? तसेच निक्षय मित्रांकडून (क्षयरुग्णांना स्वेच्छेने मदत करणाऱ्या व्यक्ती व संस्थांकडून) येणारे फूड बास्केट, म्हणजे शिध्याचा संच, सहा जणांच्या घरात आठ-दहा दिवसांत संपते. ते फक्त रुग्णानेच खावे असा आग्रह धरणे योग्य आहे का?

निवृत्त_छातीरोगतज्ज्ञ

आपण दोन्ही निबंध वेगवेगळे वाचलेत हे फार चांगले केले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेगळेपणातच आहे.

घरातील व्यक्तींचा अभ्यास ही यादृच्छिक विभागणी केलेली चाचणी होती. चार जिल्ह्यांतील २८ क्षयरोग पथके (क्षयरोग कार्यक्रमाचे स्थानिक विभाग) चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागली गेली. दोन्ही गटांतील रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोचा शिधा (तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, तेल) व जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. फरक एवढाच की एका गटात घरातील इतरांनाही शिधा दिला गेला, प्रौढ व्यक्तीमागे महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. म्हणजे दिवसाला साधारण ७५० कॅलरी व २३ ग्रॅम प्रथिने. हा शिधा कोणत्याही रेशन दुकानाच्या आवाक्यातला आहे, आणि मला या संशोधनाचे सर्वांत मोठे महत्त्व त्यातच वाटते. सुमारे ३० घरांना, म्हणजे १११ व्यक्तींना, असा आधार दिला की क्षयरोगाचा एक नवा रुग्ण टळतो, असा त्यांचा हिशेब आहे. येथे विभागणी यादृच्छिक असल्यामुळे “शिध्यामुळे रोग कमी झाला” असे आपण निःसंकोच म्हणू शकता.

रुग्णांच्या निबंधाचे तसे नाही. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला होता, त्यामुळे शिधा न मिळालेल्या रुग्णांशी तुलना तेथे नाही. वजन वाढलेल्या आणि न वाढलेल्या रुग्णांची आपसात तुलना आहे. ज्याला औषध लागू पडत आहे, ताप उतरला आहे, भूक लागते आहे, त्याचे वजनही वाढते आणि तो जगण्याची शक्यताही वाढते. म्हणून त्या ६१ टक्क्यांचे सगळे श्रेय अन्नाला देता येत नाही. परंतु यावरून वजनाचे मोल कमी होते असे मी मुळीच मानत नाही. कारण असो वा खूण असो, पहिल्या दोन महिन्यांत न वाढणारे वजन आपल्याला सांगत असते की हा रुग्ण धोक्यात आहे, आणि तेही साध्या काट्यावर, एक्स-रेची वाट न पाहता. घरच्यांना सांगताना मी असे म्हणेन: “वजन वाढणे ही औषध आणि अन्न दोन्ही अंगी लागत असल्याची खूण आहे, ते वाढत नसेल तर आम्हाला लगेच कळवा.”

थोडे विषयांतर, पण ते आवश्यक वाटते. आमच्या पिढीला आहाराबद्दल जी उदासीनता शिकवली गेली, तिचे मूळ १९५० च्या दशकातील मद्रासच्या प्रसिद्ध अभ्यासात आहे. सॅनेटोरियममध्ये (क्षयरुग्णांना दीर्घकाळ ठेवण्याच्या रुग्णालयात) ठेवलेले आणि घरी राहून उपचार घेणारे रुग्ण यांची त्यात तुलना झाली. घरी राहणाऱ्यांचा आहार निकृष्ट होता, तरीही वर्षभराच्या औषधांनंतर रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. त्या निष्कर्षामुळे लाखो गरीब रुग्णांना घरी उपचार मिळू लागले. हे उपकार कधीही विसरता येणार नाहीत. मात्र “खाटेची गरज नाही” या निष्कर्षाचा अर्थ हळूहळू “अन्नाची गरज नाही” असा लावला गेला. सॅनेटोरियममधील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, ही त्याच अभ्यासातील नोंद वर्गात आम्हाला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. मी स्वतःही अनेक वर्षे रुग्णांना केवळ “चांगले खात जा” एवढेच सांगून पाठवत राहिलो, याची आज खंत वाटते.

टीबी_पथक_पर्यवेक्षिका

ताई, शिधा वाटून खाण्याच्या प्रश्नावर मी माझ्या फिरतीतला अनुभव सांगते. रुग्ण जर आई असेल तर ती मुलांना उपाशी ठेवून दुधाची पावडर एकटी कधीही पिणार नाही, आणि तिने तसे करावे असे सांगण्याचा आपल्याला अधिकारही नाही. तसे सांगितले तर ती आपल्याला “हो” म्हणेल आणि रात्री सर्वांच्या ताटात वाढेल. मग आपल्या नोंदीत बास्केट दिल्याची खूण असेल आणि वजन मात्र जागच्या जागी राहील. म्हणून मी शिध्याचा हिशेब रुग्णाचा न करता घराचा करते. घरात खाणारी तोंडे किती, रेशनकार्डावर नावे किती, सुनेचे आणि धाकट्या मुलाचे नाव चढले आहे का, हे आधी पाहते. माझ्या भागात दर चार-पाच घरांमागे एखादे नाव राहून गेलेले असते, आणि ते चढवून घेतले की दरमहा निश्चित येणारे धान्य वाढते. निक्षय मित्रांची मदत आता घरातील इतर व्यक्तींसाठीही घेता येते, त्यामुळे तशी मागणी स्पष्ट शब्दांत नोंदवावी.

निक्षय पोषण योजनेची, म्हणजे क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारी सरकारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली आहे आणि पहिले ३,००० रुपये उपचाराच्या सुरुवातीलाच मिळणे अपेक्षित आहे. ज्या दोन महिन्यांविषयी आपण बोलत आहोत त्याच काळात ते हाती पडले तर उपयोग, म्हणून बँक खात्याची माहिती पहिल्याच भेटीत भरून घ्यावी.

वजनाविषयी एकच सांगणे. काटा तोच, जागा सपाट, पाय अनवाणी, शाल-स्वेटर काढलेला, आणि भेट दर पंधरा दिवसांनी. टक्केवारी घरच्यांना समजत नाही, किलो समजतात. ४२ किलोच्या माणसाला “दोन महिन्यांत दोन किलो” असे सांगितले की तो स्वतःच काट्यावर उभा राहायला येतो. खाण्यात मी फुटाणे, शेंगदाणे, अंडी, डाळीचे घट्ट वरण आणि मिळेल तेथे सुकी मासळी सुचवते. बाजारातून महागडे प्रोटीन पावडरचे डबे आणून कर्ज करू नये, हेही आवर्जून सांगते.

सातपुडा_उपकेंद्र

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रेशनकार्डाचा विचार मला सुचलाच नव्हता. एक तातडीची शंका आहे. आपली उत्तरे वाचून आज दुपारी मी एका रुग्ण महिलेचे वजन घेतले, ते ३१ किलो भरले. उंची १५० सेंटीमीटर आहे. गोळ्या सुरू होऊन नऊ दिवस झाले आहेत. ती आधाराशिवाय उभी राहते, बोलते, दम लागत असल्याची तक्रार नाही. तिला घरीच भरपूर खाऊ घालून पंधरा दिवसांनी पुन्हा वजन घ्यावे का?

ग्रामीण_रुग्णालय_वैद्यकीय_अधिकारी

नाही, कृपया थांबू नका. आपण दिलेल्या आकड्यांनुसार तिचा बीएमआय १३.८ येतो. तमिळनाडूने २०२२ पासून क्षयमृत्यू कमी करण्यासाठी जो कार्यक्रम राबवला, त्यात निदान होताच प्रत्येक प्रौढ रुग्णाची काही सोप्या निकषांवर चाळणी केली जाते: बीएमआय १४ किंवा त्याहून कमी, अथवा १६ पर्यंत असून पायांवर सूज, श्वासांची गती मिनिटाला २४ पेक्षा जास्त किंवा रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्क्यांपेक्षा कमी, आधाराशिवाय उभे राहता न येणे. यांपैकी एक जरी खूण आढळली तरी रुग्णाला तपासून दाखल करून घेण्याचा विचार होतो. आपली रुग्ण चालती-बोलती असली तरी पहिल्याच निकषावर तिला दाखल करण्याची गरज आहे. क्षयरोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतात, त्यामुळे पंधरा दिवस हा तिच्यासाठी फार मोठा काळ आहे.

“भरपूर खाऊ घालणे” याविषयीही सावध करतो. इतक्या खंगलेल्या शरीराला एकदम जास्त अन्न, विशेषतः पिठूळ व गोड पदार्थ, मिळाले तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने खाली जाऊन हृदयावर परिणाम होऊ शकतो. थायमिनची (जीवनसत्त्व ब१ ची) कमतरताही अशा वेळी घातक ठरते. म्हणून तिचा आहार रुग्णालयात, देखरेखीखाली, थोड्या थोड्या प्रमाणात वाढवत न्यावा लागेल. तोपर्यंत उपाशी ठेवायचे नाही. थोडे-थोडे, वारंवार द्यावे आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.

पाठवताना चिठ्ठीवर वजन, उंची, बीएमआय, श्वासांची गती, ऑक्सिजन आणि पायांवरील सूज यांची नोंद करा. सूज असेल तर ३१ किलोंत पाण्याचे वजनही आहे, म्हणजे खरे वजन त्याहून कमी. येथे आम्ही रक्तातील साखर, एचआयव्ही, हिमोग्लोबिन आणि औषधांना जंतू दाद देतात का याचा अहवाल पाहू. इतर रुग्णांचे वजन दोन महिन्यांत वाढले नाही तर याच गोष्टी तपासायच्या असतात, शिवाय उलट्यांमुळे गोळ्या पडतात का आणि घरात दारूचा प्रश्न आहे का, हेही शांतपणे विचारावे. घरातील इतरांसाठी शिधा मिळाला तरी त्यांची क्षयतपासणी व प्रतिबंधक औषधे यांना तो पर्याय नाही. दोन्ही चालू राहिले पाहिजे.

सातपुडा_उपकेंद्र

आत्ताच आशाताईंसोबत तिच्या घरी जाऊन आले. श्वास २६, ऑक्सिजन ९५, दोन्ही घोट्यांवर बोट दाबले की खळगा राहतो. दुपारी मी पाय पाहिलेच नव्हते. नवरा सोबत यायला तयार आहे, मुलांना आजीकडे ठेवले आहे. १०८ ची गाडी निघाली आहे. चिठ्ठीवर सर्व आकडे लिहून दिले आहेत. मुलांचे आणि आजीचे वजन व तपासणी उद्या सकाळी करते.