फिडलर खेकड्यांत मादी नर कसा निवडते, हे चिखलात बसून मोजायचं कसं?

खाजनकाठ:
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. जागा गोव्यातल्या मांडवी नदीकाठची, खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीच्या) बांधाबाहेरचा वाळूमिश्रित चिखल, मानशीपासून (बांधातल्या पाण्याच्या दारापासून) दहाएक मीटरवर. फिडलर नराचा एक डेंगा (नांगी) खूप मोठा असतो; प्रश्न असा की मादी मोठ्या डेंग्याचा नर निवडते का. पद्धत: १ मीटर बाय १ मीटरचे दहा चौकोन आखायचे, नर-माद्या मोजायच्या, नरांचे डेंगे व्हर्नियर कॅलिपरने मोजायचे, मग एक मादी पकडून मधोमध सोडायची आणि ती कुणाच्या बिळात शिरते ते लिहायचं. चाचणी मोजणीत माद्यांच्या जवळजवळ दुप्पट नर दिसले. सोडलेली मादी दर वेळी सगळ्यांत जवळच्या बिळात शिरली, डेंगा लहान असो की मोठा. मग मादी निवड करतच नाही असा निष्कर्ष काढायचा का? डिसेंबर ते मार्च एवढा वेळ हातात आहे.

चिखलपाय:
तो निष्कर्ष काढू नका. तुमची मादी नर शोधत नव्हती, लपायला भोक शोधत होती. फिडलर खेकडा स्वतःच्या बिळापासून तुटला की त्याला आधी आसरा लागतो, मग तो कुणाचाही असो. वर बगळे फिरतच असतात.

शोधावर निघालेली मादी दुरूनही ओळखू येते. ती आपलं बीळ आपणहून सोडते आणि थांबत थांबत जाते. डेंगा हलवणाऱ्या नराकडे वळते, बिळाच्या तोंडाशी येते, कधी आत उतरते, काही सेकंदांत वर येऊन पुढे निघते. भेदरलेली मादी सरळ पळते आणि घुसते. म्हणून मादी पकडूच नका, तिच्या मागे नजर ठेवा. साधारण ३ मीटरवर बसा, जवळचं स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण घ्या, आणि बसल्यावर किमान १५ मिनिटं काहीही लिहू नका. तुमची सावली चौकोनावर पडली की सगळे आत जातात. आधी बाहेर येतात ते धीट. घाईने मोजलंत तर नमुना तिथेच बिघडतो.

तिने भेट दिलेल्या प्रत्येक बिळामागे चार बोटांवर क्रमांक घातलेली बांबूची काडी खोचा, पण ती पुढे सरकल्यावरच. तीन नोंदी वेगळ्या ठेवा: तोंडाशी आली, आत उतरली, आत राहिली. ती आत राहिली आणि नराने चिखलाचा गोळा ओढून तोंड बंद केलं, तर तो तिचा निर्णय. नाकारलेले नर मग पकडून मोजा. त्याच मादीने नाकारलेले विरुद्ध तिने निवडलेला, अशी तुलना हवी. सगळ्या नरांची सरासरी काढून काही कळत नाही, कारण ज्यांच्याकडे ती गेलीच नाही तेही त्यात येतात. अशा पूर्ण झालेल्या २५-३० निवडी मिळाल्या तरी काम चांगलं होईल.

सुकतीचा_हिशेब:
जागा आधी बदला. मानशीची दारं ओहोटीला बाहेर उघडतात आणि खाजनातलं पाणी नदीत पडतं. त्या तोंडाशी जमीन कधी ओली, कधी कोरडी, हे निव्वळ भरती-ओहोटीवर ठरत नाही आणि पाण्याचा खारेपणाही वेगळा असतो. निदान ५०-६० मीटर सरका. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात शिरणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या.

मग जात नक्की करा. वाळूमिश्रित चिखलात, भरतीच्या वरच्या रेषेकडे, काळ्या पाठीवर पांढरट पट्टे असलेला लहान खेकडा बहुधा ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस. २०१६च्या वर्गीकरणाआधीच्या लेखांत हाच उका ॲन्युलिपीस या नावाने सापडेल. खाली ओल्या चिखलात गेलासिमस हा दुसरा फिडलर लागतो. त्याच्या जवळजवळ सगळ्या नरांचा उजवाच डेंगा मोठा असतो, ॲन्युलिपीसमध्ये डावे-उजवे साधारण निम्मे-निम्मे. वीस नर बघितले की फरक कळतो. हे महत्त्वाचं आहे, कारण गेलासिमसमध्ये नर मादीच्या बिळाशी जातो आणि मीलन वरच होतं. दोन जाती एका तक्त्यात आल्या तर आकडे निरर्थक.

आता दुप्पट नरांबद्दल. मोठा डेंगा लांबून डोळ्यांत भरतो, मादीचे दोन्ही डेंगे लहान, ती खाली मान घालून खात असते. शिवाय अंडी घेतलेली मादी जमिनीखाली बंद बिळात असते, ती तुमच्या मोजणीत येणारच नाही. लहान खेकडे पकडून उलटे करा. पोटाखालचं झाकण निमुळतं तर नर, रुंद गोल तर मादी. बाजारात कुर्ली उलटी करून बघतात तसंच. प्रमाण लिहायचंच असेल तर ‘पृष्ठभागावर दिसलेले’ असं लिहा. खरं प्रमाण काढायला चौकोनातला चिखल ३० सेंटीमीटर खणून हाताने चाळावा लागतो. तो चौकोन परत वापरता येत नाही, म्हणून ते शेवटच्या आठवड्यात.

अंडधारी:
वरच्या दोघांचं पटतं, पण प्रश्नच थोडा बदलावा असं मला वाटतं. तुम्ही फक्त डेंगा मोजताय. मादी बीळसुद्धा निवडते, कारण अंडी तिथेच वाढवायची असतात. साधारण दोन आठवडे ती अंडी पोटाखाली धरून बसते आणि पिल्लं उधाणाच्या रात्रीच्या भरतीत सोडते. बीळ उबदार असेल तर अंडी लवकर पिकतात, थंड असेल तर उशिरा. वेळ चुकली तर पिल्लं नदीतून बाहेर वाहून जाण्याऐवजी आतल्या माशांच्या तोंडी जातात. म्हणजे तिच्या निवडीमागे पंचांगाचा हिशेब असतो.

आफ्रिकेतल्या फिडलरवर १९९६चं काम आहे; तेव्हा त्यालाही ॲन्युलिपीस म्हणत, आता ती वेगळी जात धरतात. एकेका मादीने २४पर्यंत नर तपासले. सुरुवातीच्या दिवसांत ती मोठे नर धरून असते, मुदत संपत आली की अट सैल करते आणि शेवटचा निर्णय बिळावर होतो. कॅलिफोर्नियातल्या फिडलरवरच्या २००५च्या अभ्यासात तर एका मादीने १०६ बिळं पाहिली. तेव्हा बिळाच्या तोंडाचा व्यास, लवचीक तारेने खोली आणि १० सेंटीमीटरवरचं तापमान घ्याच. बिळाचा आकार घ्यायला त्यात प्लॅस्टर ओतून साचा करायचा तर शेवटच्या दिवशीच, बीळ कायमचं जातं आणि पाणी असलेल्या तळाशी प्लॅस्टर धड धरत नाही.

पहिला पंधरवडा काहीही मोजू नका, फक्त रोज दिवसाच्या ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत भटक्या माद्या मोजा. उधाण ते भांग (सर्वांत कमी भरतीचे दिवस), भांग ते उधाण या चक्रात त्या कोणत्या दिवसांत वाढतात ते दिसेल. बाकी दिवस तिथे बसणं वाया जातं.

मादी ‘निवड करत नाही’ असं लिहिण्याची घाई या विषयात पूर्वीही झाली आहे. १९४८मध्ये बेटमनने फळमाश्यांवरून दाखवलं की जास्त जोडीदारांचा फायदा मुख्यतः नरालाच. पिल्लांचे आई-बाप ओळखायला त्याने माश्यांच्या अंगावर दिसणारे आनुवंशिक दोष वापरले. २०१२मध्ये गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत पुन्हा केली तेव्हा आढळलं की आई आणि बाप दोघांकडचे दोष वाट्याला आलेली पिल्लं जास्त मरतात, त्यामुळे जोडीदारांची मोजणीच चुकते. दिसलं तेवढंच मोजलं. तुमच्या चौकोनातही तेच चाललं आहे, बंद बिळातली मादी गणतीत नाही.

आणखी एक. मादीच्या शरीरात शुक्राणू साठवण्याची पिशवी असते. ज्याच्या बिळात ती राहिली तोच सगळ्या अंड्यांचा बाप, असं डीएनए तपासल्याशिवाय लिहू नका. ‘निवडलेला नर’ लिहा, ‘पिता’ नको. लाख भरलेली कुर्ली म्हणतो ती वेगळी अवस्था: लाख म्हणजे अंगातली अंडाशयं. झाकणाखाली बाहेर चिकटलेला घोस म्हणजे फळलेली अंडी. नोंदवहीत दोन वेगळे रकाने ठेवा.

खाजनकाठ:
खूप उपयोग झाला, आभारी आहे. जागा बदलते आणि बिळाची मापं घेते. एक शंका: काही नरांचा मोठा डेंगा गुळगुळीत आणि सडपातळ दिसतो. ती वेगळी जात आहे का?

चिखलपाय:
जात तीच. तुटल्यावर परत आलेला डेंगा आहे. लांबी जवळपास तेवढीच, पण हलका, कडेचे दाते झिजल्यासारखे किंवा नाहीतच. आफ्रिकेतल्या त्याच खेकड्यावर २०००मध्ये हे तपासलं गेलं: असा नर मारामारीत कमी पडतो, पण माद्या त्याला वेगळा ओळखत नाहीत. म्हणून नुसती लांबी घेऊ नका. ‘मूळ’ की ‘पुन्हा आलेला’ असा रकाना करा आणि डेंग्याची जाडीही मोजा. पाठीची रुंदी धरून तुलना करा, नाहीतर मोठ्या नराचा मोठा डेंगा एवढंच हाती लागेल. खूण करायची तर पाठ फडक्याने कोरडी करून नेलपॉलिशचा एकच ठिपका, सांध्यांना आणि डोळ्यांच्या देठांना न लावता. ओल्या पाठीवर लावलात तर पुढच्या भरतीत निघून जातो आणि तोच नर तुमच्या वहीत दोनदा येतो.