उत्तर: शेजाऱ्यांना येशूबद्दल कसं सांगायचं?

पुण्यातल्या एका ताईंनी विचारलंय की सोसायटीतल्या मैत्रिणींशी श्रद्धेबद्दल कसं बोलायचं. मला वाटतं आधी घरी बोलावा, नाताळचा फराळ द्या, आणि कोणी विचारलं तर प्रार्थनेने आपल्याला काय मिळालं तेवढं साध्या मराठीत सांगा, वचनांचा मारा नको. कोणी आजारी असेल तर "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" असं विचारूनच करा, हे फार महत्त्वाचं आहे. मराठी कवी ना. वा. टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९००चा, म्हणजे अगदी घरातल्या माणसालाही वेळ लागतो, मग मैत्रिणीला दोन भेटीत कसं पटेल? आणि हो, पुण्यातच आहात तर टिळकांची भजनं लावा घरी, अभंगाची चाल सगळ्यांच्या कानाला ओळखीची असते त्यामुळे लोक आपणहून विचारतात.