गोल्फसाठी छोटा लेझर रेंजफाइंडर: चष्मा, थरथरता हात आणि पिनच्या मागे झाडं

चौथा_टी:

बाबांसाठी लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्यायचा आहे, मदत हवी. वय ६८. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर नियमित खेळतात, अधूनमधून बावधनला ऑक्सफर्डवर. शक्यतो चालत, कॅडीबरोबर (बॅग उचलणारा मदतनीस). बायफोकल चष्मा आहे, हात किंचित थरथरतो आणि पेसमेकर बसवलेला आहे. आकार खिशात मावेल एवढाच हवा, मोठं धूड ते बॅगेतून बाहेरच काढणार नाहीत.

दुकानात तीन गोष्टी पुढे केल्या जातात: किती यार्डांपर्यंत मोजतो, स्लोप (चढ-उतार धरून अंतर सांगणं) आहे का, मॅग्नेट आहे का. यातलं त्यांच्या खरंच कामाचं काय? क्लबच्या स्पर्धाही खेळतात, त्यामुळे नियमांचंही सांगा. शिवाय एक दुकानदार शिकारीचा १५०० यार्डांचा रेंजफाइंडर कमी किमतीत देतोय. तो गोल्फला चालेल का?

दुर्बीणवाला:

१५०० यार्डांचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो मोठ्या, चकाकणाऱ्या लक्ष्यासाठी असतो. गोल्फमध्ये मोजायचा असतो होलमध्ये रोवलेला झेंडा, म्हणजेच पिन, म्हणून बघायचा आकडा झेंड्यासाठी दिलेला. बुशनेल टूर व्ही५चं उदाहरण घ्या: एकूण पल्ला १३०० यार्ड, झेंड्यासाठी ४०० पेक्षा थोडा जास्त. बाबांना २५० यार्डांपलीकडची पिन मोजायची वेळ क्वचितच येईल, त्यामुळे पल्ल्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

खरी परीक्षा आहे ती मागे झाडं असताना पिन पकडण्याची. लेझरचा ठिपका लांब जाताना पसरतो. पसरण २ मिलिरेडियन (हजार मीटरवर दोन मीटर) धरलं तर १५० यार्डांवर, म्हणजे १३७ मीटरवर, ठिपका साधारण २७ सेंटीमीटर रुंद होतो. पिनची काठी जेमतेम २ सेंटीमीटर जाड. म्हणजे नेम अचूक असला तरी काठीवर दहा टक्क्यांहून कमी प्रकाश पडतो, बाकीचा मागच्या झाडांवर आपटून परत येतो. येरवड्याला बऱ्याच ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) मागे झाडांची रांग आहे, तिथे साधं यंत्र १५० च्या जागी खुशाल १७५ दाखवेल.

गोल्फची यंत्रं यासाठी दोन-तीन परतीच्या किरणांतलं सगळ्यात जवळचं अंतर निवडतात. निकॉन त्याला ‘फर्स्ट टार्गेट प्रायॉरिटी’ म्हणतं, बुशनेलचं नाव ‘पिनसीकर’, आणि पिन सापडली की यंत्र थरथरतं ते ‘जोल्ट’. शिकारीच्या यंत्रांत बहुधा उलट असतं. समोरच्या गवता-फांद्यांमधून पलीकडचं जनावर मोजायचं असतं, म्हणून ती सगळ्यात लांबचं अंतर निवडतात. तुमच्या दुकानदाराच्या यंत्रात हा मोड बदलता येत नसेल तर फुकट मिळालं तरी नको.

नेम काठीवर नाही, झेंड्याच्या कापडावर धरायचा. नेहमीचा झेंडा २० इंच बाय १४ इंच असतो, फडकत असेल तर अख्खा ठिपका त्यावर मावतो. वारा पडलेला असला तरी लोंबणारं कापड काठीपेक्षा कितीतरी रुंद असतं.

आता हाताचं. हात ०.१ अंशाने हलला तरी १५० यार्डांवर ठिपका २४ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका. म्हणून एकदा बटण दाबून सोडण्यापेक्षा ते दाबून धरायचं आणि झेंड्यावरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं. यंत्र सतत मोजत राहतं, आणि आकडे येत राहतात: १७४, १७३, १५१, १५१, १७४. मधे डोकावलेला लहान आकडा म्हणजे पिन. निकॉन कूलशॉट २० जीटूमध्ये ही सलग मोजणी ८ सेकंद चालते आणि यंत्र बॅटरीशिवाय सुमारे १३० ग्रॅमचं आहे. खिशासाठी याहून लहान शोधू नका. वजन अगदीच कमी असलं की थरथर वाढते.

थरथर जास्त असेल तर मात्र स्टॅबिलायझर असलेलं मॉडेल बघा, उदाहरणार्थ निकॉनचं कूलशॉट प्रो टू स्टॅबिलाइज्ड. त्यात आतली भिंगं हाताच्या उलट हलून चित्र आणि लेझर दोन्ही स्थिर ठेवतात. थोडं मोठं आणि जड, सुमारे १८० ग्रॅम, पण खिशात मावतं. तुमच्या वर्णनावरून मी आधी हेच हातात देऊन बघेन. किमतीतला फरक स्लोपवर घालवण्यापेक्षा इथे घालवलेला बरा.

मोठेपणा ६ पट पुरे. ७ पटीत पिन मोठी दिसते, पण थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि दृश्य अरुंद होऊन पिन शोधायला वेळ जातो.

मार्कर:

नियम सांगतो. १ जानेवारी २०१९ पासून गोल्फच्या नियम ४.३ए प्रमाणे अंतर मोजायला मुळातच परवानगी आहे. स्पर्धा समितीला बंदी घालायची असेल तर तिला स्थानिक नियम, मॉडेल लोकल रूल जी-५, लावावा लागतो. म्हणून नोटीस बोर्ड बघायचा. चढ-उतार मोजायला परवानगी नाही. यंत्रात स्लोप आहे एवढ्याने दोष लागत नाही, फेरीत तो वापरला की लागतो. पहिल्यांदा स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात) दोन फटक्यांचा दंड किंवा मॅच प्लेमध्ये (होलनिहाय लढत) तो होल गेला, दुसऱ्यांदा थेट बाद. हँडिकॅपसाठी कार्ड भरायचं असेल त्या फेरीलाही हेच नियम.

त्यामुळे स्लोप घेणार असाल तर बंद-चालू बाहेरून दिसेल असं यंत्र घ्या. बाजूला सरकतं बटण किंवा दिवा असला की कार्ड लिहिणाऱ्या मार्करला लगेच कळतं. मेनूत लपलेला स्लोप वादाला आमंत्रण देतो आणि चुकून चालूही राहतो.

स्लोपची गरज कुठे? येरवड्याला फारशी नाही. ऑक्सफर्ड डोंगरउतारावर आहे, तिथे सरावात उपयोग होतो. हिशोब असा: सरळ रेषेत १५० यार्ड आणि ४ अंशांचा चढ, तर उंचीतला फरक १५० गुणिले ०.०७, म्हणजे सुमारे साडेदहा यार्ड. ढोबळ नियम, एक यार्ड चढाला एक यार्ड जास्त. म्हणून १६० यार्डांना लागणारा क्लब (काठी). उतारावर तेवढेच कमी. तीन-चार होल यंत्राने मोजून कार्डावर टिपून ठेवले की स्पर्धेत स्लोप बंद असला तरी अडत नाही.

दुकानदाराच्या शिकारी यंत्रात ‘अँगल’ असं काही लिहिलेलं असेल तर ते स्लोप नव्हे. ते फक्त आडवं अंतर काढतं. वरच्या उदाहरणात ते १४९.६ दाखवेल, चढ असो वा उतार. बंदुकीच्या गोळीला ते लागू पडतं, गोल्फच्या चेंडूला नाही, कारण चेंडू तिरका खाली येतो आणि चढावर लवकर टेकतो.

पुण्याच्या उंचीचा परिणाम या वर्गातली बहुतेक यंत्रं धरत नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे मुंबईत चेंबूरच्या कोर्सच्या तुलनेत चेंडू साधारण २ टक्के लांब जातो. १५० ला ३ यार्ड. मुंबईत खेळायला गेले की हा फरक डोक्यात ठेवावा लागतो.

चौथा_टी:

शिकारीचा बाद. पण दुकानात उभं राहून काचेतून बाहेर बघण्यापलीकडे काय तपासता येईल? आणि चष्मा काढून वापरायचा की घालून?

यार्डेज_बुक:

काचेतून तपासूच नका. काच किरण परतवते आणि आकडा चुकतो. विक्रेत्याला सांगा बाहेर रस्त्यावर किंवा मैदानावर येऊ दे, तयार नसेल तर परतीची अट लिहून घ्या.

चार गोष्टी बघा. पहिली, अंतर. मैदानावर ५० मीटरच्या टेपने अंतर आखून घ्या किंवा धावपट्टीची १०० मीटरची सरळ रेघ वापरा. १०० मीटर म्हणजे १०९.४ यार्ड. यंत्र १०८ ते ११० दाखवत असेल तर ठीक, या यंत्रांची अचूकता एक यार्ड कमी-जास्त अशीच असते. दशांशात आकडा दिसतो म्हणून यंत्र जास्त अचूक असतं असं नाही.

दुसरी, मागे झाडं असलेला बारीक खांब १२०-१५० यार्डांवरून सलग दहा वेळा मोजा, तेही बाबांच्याच हाताने. तुमच्या हातात दहापैकी दहा आले याला काही अर्थ नाही. त्यांच्या हातात आठ तरी यायला हवेत.

तिसरी तपासणी फारसं कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: भिंगातलं वर्तुळ दिसतं तिथेच लेझर पडतो का? मागे फक्त आकाश असेल असा उंच खांब घ्या, साधारण १०० यार्डांवर. बटण दाबून धरा आणि वर्तुळ डावीकडून खांबाकडे सरकवा. आकाशातून काही परत येत नाही, म्हणून खांब लागेपर्यंत रेघाच दिसतील. आकडा कुठे सुरू झाला ते लक्षात ठेवा, मग उजवीकडून तेच करा. दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर सुरू झाला तर नेम जुळलेला आहे. एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला खांब ओलांडल्यावर सुरू होत असेल तर ते यंत्र परत करा. गच्चीच्या कठड्यावर वरून-खालून हीच चाचणी घ्या. स्वस्त यंत्रं पिन पकडत नाहीत त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि दोष मात्र थरथरत्या हाताला दिला जातो.

चौथी, डोळा. डोळ्याकडची कडी फिरवून आधी आतले आकडे स्पष्ट करा, दृश्य नंतर. बायफोकल असेल तर चष्म्याच्या वरच्या, लांबच्या भागातून बघावं लागतं. रबरी कप दुमडून चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते बघा, कडा कापल्या जात असतील तर त्या यंत्राचं भिंग चष्मेवाल्यांसाठी नाही. नुसता लांबचा नंबर असेल तर चष्मा वर सरकवून कडीने जुळवणंही जमतं. सिलिंडरचा (तिरप्या दृष्टिदोषाचा) नंबर मोठा असेल तर कडी तो भरून काढत नाही, चष्मा लावूनच बघावं लागेल. काळ्या आकड्यांचा एलसीडी उन्हात छान दिसतो, पण संध्याकाळी गर्द झाडांसमोर काळ्यावर काळं होतं. या वयात लाल आकडे सोयीचे. पोलराइज्ड गॉगल लावत असतील तर तो घालून पडदा काळा पडत नाही ना, तेही बघा.

वापरताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो यार्ड-मीटरचा. काही यंत्रांत खिशात बटण जास्त वेळ दाबलं गेलं की एकक बदलतं, आणि १५० यार्डांची पिन १३७ दिसते. चेंडू सरळ बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). आकड्याशेजारचं बारीक अक्षर, वाय की एम, पहिल्या टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) एकदा बघायची सवय लावा. कॅडीच्या अंदाजात आणि यंत्रात दहा-बारा यार्डांचा फरक आला तर आधी हेच तपासा, मग मागची झाडं.

आषाढी_फेरी:

पावसाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही. रिमझिम किंवा धुकं असेल तर किरण थेंबांवरूनच परततो आणि यंत्र १२, २० असे आकडे दाखवतं. यंत्र बिघडलेलं नसतं. फॉग मोड असेल तर लावा, नसेल तर भिंग कोरडं पुसून सरी थांबेपर्यंत कॅडीचं ऐका. आपल्याकडे धोका पाण्यापेक्षा बुरशीचा जास्त. ओलं यंत्र कव्हरमध्ये घालून गाडीच्या डिकीत ठेवलं की काही महिन्यांत भिंगावर जाळं दिसू लागतं आणि ते आतून साफ करणं परवडत नाही. घरी आल्यावर कव्हरबाहेर वाळवा, मग घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. काही मॉडेलांत भिंगाची नळी पाण्यात बुडाली तरी चालते, पण बॅटरीचा कप्पा फक्त शिंतोड्यांपुरता असतो. खोक्यावरचा मोठा आकडा वाचून बेफिकीर होऊ नका.

बॅटरी बहुधा सीआर२, ३ व्होल्टची. मनगटी घड्याळाच्या दुकानात मागितली तर सीआर२०३२ ची चपटी टिकली हातात देतात, ती वेगळी. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते, एक जादा बॅगेत असू द्या. चार्ज होणारी ३.७ व्होल्टची त्याच मापाची मिळते, पूर्ण भरल्यावर ती ४.२ व्होल्ट देते. कंपनीने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर घालू नका, सर्किट जळू शकतं.

मॅग्नेटबद्दल स्पष्टच सांगते. तो कार्टच्या लोखंडी दांड्याला चिकटवायला असतो. बाबा चालत खेळतात, म्हणजे उपयोग नाही, आणि पुल-ट्रॉली ॲल्युमिनियमची असेल तर चिकटणारही नाही. त्यातून पेसमेकर आहे. जोरदार मॅग्नेट पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि असं यंत्र माणूस सहज शर्टाच्या वरच्या खिशात टाकतो. मॅग्नेट नसलेलंच घ्या, पट्ट्याला अडकवायचं कव्हर घ्या. स्टॅबिलायझर असलेल्या मॉडेलबाबतही आत किंवा कव्हरच्या बकलात मॅग्नेट आहे का ते विचारून घ्या आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

चौथा_टी:

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. शेवटचं विचारतो: याऐवजी जीपीएस घड्याळ दिलं तर?

मार्कर:

घड्याळ ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड सांगतं, पिन कुठे लावली आहे ते त्याला कळत नाही. ग्रीन ३० यार्ड खोल असेल तर मध्यापासून पिन १२-१३ यार्ड पुढेमागे असू शकते, म्हणजे पूर्ण एका क्लबचा फरक. उलट वळणामागची, न दिसणारी ग्रीन असेल तिथे लेझर काहीच सांगत नाही. बाबांचा कॅडी नेहमीचा असेल तर ती उणीव तो भरून काढतो. तेव्हा लेझरच घ्या, आणि कॅडीलाही वापरायला शिकवा. नियमात कॅडीने मोजलेलं चालतं. बाबा चेंडूपाशी पोचेपर्यंत तो आकडा तयार ठेवेल, आणि थरथरत्या हाताने नेम धरायची वेळ रोजच येणार नाही.

दुर्बीणवाला:

याला दुजोरा. फक्त कडी कॅडीच्या डोळ्याप्रमाणे फिरवली गेली की बाबांना आकडे धूसर दिसतील. त्यांच्या नंबराला कडी जिथे येते तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ठेवा.