केसली हेफर्डने १९२७ ला कच खाल्ली का?

रानवाटा
गोल्ड कोस्टचे (आताचा घाना) वकील, पुढारी आणि कादंबरीकार जे. ई. केसली हेफर्ड यांना पश्चिम आफ्रिकी राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रिटिशांच्या १९२५ च्या राज्यघटनेत विधिमंडळाच्या निवडून द्यायच्या जागांपैकी सहा सरदारांच्या (पारंपरिक प्रमुखांच्या) प्रांतिक कौन्सिलांना आणि शहरांना अवघ्या तीन. वर सरकारी बहुमत होतंच. हेफर्डनी कडाडून विरोध केला आणि १९२७ ला स्वतःच सेकोंडी शहरातून निवडून येऊन त्याच विधिमंडळात बसले! केप कोस्ट शहरातल्या जुन्या सहकाऱ्यांना हा दगाच वाटला, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं.

जुनी वही
बाहेर राहून काय हाती लागणार होतं? गोल्ड कोस्टमध्ये जमीन बेवारस नसते. ती कुणा घराण्याची नाहीतर राजगादीची. १८९७ च्या विधेयकाने तिचा कारभार सरकारकडे घ्यायचा घाट घातला, तेव्हा मूलनिवासी हक्क संरक्षण संस्थेचं शिष्टमंडळ लंडनला गेलं आणि विधेयक बारगळलं. हेफर्डनी त्याच्या आदल्याच वर्षी वकिलीची सनद घेतली होती. त्यांची पिढी हेच बघत मोठी झाली. कायद्याची वाट त्यांनी भीतीपोटी धरलेली नाही.

रानवाटा
पण ते बोलत होते कुणाच्या वतीने? १९२० ला अक्रामध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या चार ब्रिटिश वसाहतींची काँग्रेस (परिषद) भरवली, निवडून दिलेले सभासद हवेत म्हणून लंडनला शिष्टमंडळ नेलं आणि रिकाम्या हाताने परतले. नाना ओफोरी आट्टा या बड्या सरदारांनी विधिमंडळात ठणकावलं होतं की हे सरदारांचे प्रतिनिधी नव्हेत. शेतकऱ्याला तर कुणी विचारलंच नाही.

शाईची दौत
रिकाम्या हाताने कसे? नायजेरियाला १९२२ मध्ये, सिएरा लिओनला १९२४ मध्ये निवडून दिलेले सभासद मिळाले. मागणी झाली नसती तर हे आपोआप झालं असतं का?
आणि त्यांची १९११ ची कादंबरी, 'इथिओपिया अनबाउंड', जरूर वाचा. कथानक विस्कळीत आहे, पानंच्या पानं नुसती चर्चा. पण नायक क्वामांक्रा लंडनमध्ये पाद्री होऊ घातलेल्या गोऱ्या मित्राशी ख्रिस्ताच्या देवत्वावर वाद घालतो, तो प्रसंग जबरदस्त आहे! पुढे राष्ट्रीय विद्यापीठाची कल्पना येते, तिथे फांटी, हौसा, योरुबा भाषांना प्राध्यापक हवेत, अशी मागणी. साहेबाच्या राज्यात हे छापणाऱ्याला कच खाणारा म्हणणं मला तरी मान्य नाही.

रानवाटा
कादंबरीबद्दल वाद नाहीच. पण १९११ ला लिहिलेल्या पुस्तकाने १९२७ चा निर्णय धुऊन निघत नाही. त्या तीन जागांमधून सरकारी बहुमतापुढे नेमकं काय साधलं, ते कुणीतरी सांगा.