मदत हवी आहे: इंग्लंडच्या गावातल्या जुन्या चर्च रजिस्टरमधली गॅप

नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडमध्ये कोणी जुन्या पॅरिश रेकॉर्डवर, म्हणजे गावातल्या चर्चच्या नोंदींवर, काम केलंय का? मी नॉरफोकमधल्या एका छोट्या गावाचं रजिस्टर बघतेय, बाप्तिस्मा, लग्नं, दफन सगळं. १५३८ला राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला तेव्हापासून हे लिहायचं होतं, पण आमच्या गावाचं १५९८नंतरचंच धड हाती लागतं आणि तेही साधारण १६४३ ते १६६० कोरं, म्हणजे ऐन यादवी युद्धाचा आणि त्यानंतरच्या राजाविना राजवटीचा काळ. एरवी अशी पानं गहाळ असली की बिशपकडे दरवर्षी जायची ती नक्कल कामी येते, पण १६४६ला बिशपच बरखास्त केले म्हटल्यावर नक्कल पाठवणार कोणाला!

तर या सतरा वर्षांतली माणसं शोधायची कुठे? मृत्युपत्रं आणि १६६२पासूनचा चुलीवरचा कर, म्हणजे घरात चुली किती त्यावर टॅक्स, एवढं डोक्यात आहे. चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याच्या, हिशेबाच्या वह्यांत गरिबांची नावं सापडतात का हो? कारण मृत्युपत्र करणारे सगळे खाऊनपिऊन सुखी लोक, मला शेतमजूर हवेत.

अजून एक, १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं त्यामुळे लग्न जून १७२३चं आणि बाळाचं दफन फेब्रुवारी १७२३चं असं दिसतं, तर एक्सेलमध्ये तुम्ही १७२३/२४ असं लिहिता की सरळ १७२४? सॉर्टिंगची पार वाट लागलीये.